माणसे जोडणारे जेवण कसे आखावे

एकमेकांना फारसे न ओळखणारे शेजारी, सहकारी किंवा विद्यार्थी जवळ यावेत म्हणून जेवण ठरते, तेव्हा यजमानाचे सारे लक्ष बहुधा पदार्थांच्या यादीत अडकते. वास्तविक, अन्न किती चविष्ट आहे यापेक्षा ते कोणी रांधले, कोणी वाढले आणि कोणत्या भांड्यातून ताटात आले, यावर ओळखी जुळणे अधिक अवलंबून असते.

म्हणून पाहुण्यांना जेवणाच्या वेळेला नव्हे, स्वयंपाकाच्या वेळेला बोलवावे. केव्हिन निफिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील अग्निशमन केंद्रांचा जो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला, त्यात एकत्र जेवणाऱ्या तुकड्यांची कामगिरीही सरस असल्याचे दिसले. कामे जोडीने वाटावीत: एकाने सोलावे, दुसऱ्याने चिरावे, म्हणजे हात गुंतलेले राहतात आणि बोलण्याचे दडपण उरत नाही. ‘राहू द्या, मी करते’ हे वाक्य यजमानाने त्या दिवसापुरते गिळावे.

वाढताना भरलेली ताटे हातात देऊ नयेत. मध्यभागी एक पातेले, त्यात एकच डाव आणि भोवती चार माणसे, ही मांडणी सर्वांत सोयीची. चारच का? मोकळ्या गप्पांचा गट साधारणपणे चार जणांपलीकडे टिकत नाही आणि फुटतो, हे रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले आहे. सामाईक भांड्यातून घेताना आपल्यामागून घेणाऱ्यासाठी किती उरते, याकडे आपसूक लक्ष जाते. केटलिन वूली आणि आयलेट फिशबाख यांच्या २०१९ मधील प्रयोगांत एकाच वाडग्यातून खाणाऱ्या जोड्यांच्या वाटाघाटी वेगळ्या वाडग्यांतून खाणाऱ्यांपेक्षा लवकर मिटल्या. रांग लावून स्वतःच वाढून घेण्याची पद्धत आटोपशीर खरी, पण तिच्यात प्रत्येकाला पुढच्याची पाठ तेवढी दिसते.

पथ्य, ॲलर्जी, उपवास आणि धार्मिक निषेध यांची चौकशी आधीच, खासगीत करावी. सामाईक पातेल्यात सर्वांना चालेल तेच असावे आणि बाकीचे पदार्थ बाजूला, स्वतंत्र डावांसह ठेवावेत. ज्याला मधल्या भांड्याला हात लावता येत नाही, तो भरल्या घरातही पाहुणाच राहतो.

प्रत्येकाने घरचा एखादा पदार्थ आणावा आणि तो कोणत्या ऋतूत, कोणत्या प्रसंगी, कोणाच्या हातचा होतो हे सांगावे. समाजाची शेती, टंचाई, श्रद्धा आणि स्थलांतरे अशा तपशिलांतूनच कळतात. ‘खरी पद्धत कोणती’ हा वाद पेटलाच, तर मिरची, बटाटा आणि टोमॅटो ही पिके १४९२ नंतरच अमेरिका खंडांतून उर्वरित जगात पोहोचली, याची आठवण करून द्यावी.

भांडी घासण्याचे कामही जोड्यांनाच द्यावे. शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहू देऊ नये. उरलेले त्याआधीच डब्यांत भरून वाटून टाकावे.