तारेची कवळी: बसवायची कशी, काढायची कशी, आणि सैल झाली तर काय करायचं

तारेची कवळी, म्हणजे उरलेल्या दातांना तारेने अडकवायची, काढता-घालता येणारी कवळी, लावून माणूस दवाखान्यातून घरी येतो तेव्हा त्याला हमखास एक सूचना दिलेली नसते: तार जितकी घट्ट तितकी चांगली, असं नाही. हे माहीत नसतं म्हणून मग सैल वाटली की घरच्या पकडीने तार दाबली जाते, आणि पुढचं सगळं बिघडतं. त्यामुळे आधी तार दाताला धरते कशी, ते थोडक्यात पाहू. कवळी हाताळायचे बाकीचे नियम त्यावरूनच ठरतात.

तार धरते कशी

दात वरपासून खालपर्यंत सरळसोट नसतो. मध्ये तो फुगीर असतो आणि हिरडीजवळ पुन्हा आत वळतो. तारेचं टोक या फुगवट्याखाली जाऊन बसतं. फुगवट्यावरून जाताना तार किंचित फाकते आणि तो ओलांडला की मूळ आकारात परत येते. बांगडी भरताना हाताचा रुंद भाग पार होईपर्यंतच ओढाताण असते, मनगटावर आली की ती मोकळी होते. फरक इतकाच की तिथे हात दबतो आणि इथे तार फाकते. कवळी जागेवर बसली की तारेने दातावर जोर द्यायचाच नसतो. चिकट खाताना किंवा बोलताना कवळी उचलली जाऊ लागली, तरच ती अडते.

टोक किती आत घ्यायचं, हे लॅबमध्ये ठरतं. दातांच्या साच्यावर सर्व्हेअर नावाच्या उपकरणाने रेघ ओढून फुगवटा कुठे आहे ते पाहतात. दाताला धरणाऱ्या या पकडीला क्लास्प म्हणतात. कोबाल्ट-क्रोम धातूच्या ओतीव क्लास्पसाठी रेघेखाली साधारण ०.२५ मिलिमीटरची खोबण पुरते. स्टीलची वाकवलेली तार जास्त लवचिक असल्याने तिला ०.५ मिलिमीटरपर्यंत चालते. एवढ्या बारीक मापाचं काम घरातल्या पकडीने होत नाही.

चांगल्या क्लास्पला आणखी दोन भाग असतात. दाताच्या दुसऱ्या अंगाला एक कडक हात असतो. कवळी आत-बाहेर करताना दात एका बाजूला ढकलला जाऊ नये म्हणून तो उलट बाजूने आधार देतो. दुसरा भाग म्हणजे दाताच्या चावायच्या बाजूवर टेकलेला छोटा टेकू, ‘रेस्ट’. त्याच्यामुळे घास चावतानाचं वजन दातावर जातं आणि कवळी हिरडीत रुतत नाही. स्वस्तातल्या अ‍ॅक्रिलिकच्या कवळीत हा टेकू बरेचदा नसतो. ती तात्पुरती म्हणून ठीक आहे. वर्षानुवर्षं वापरायची असेल तर टेकूबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.

बसवताना

हात धुवा, आरशासमोर उभे राहा आणि बेसिनमध्ये टॉवेलची घडी टाका किंवा थोडं पाणी भरून ठेवा, म्हणजे हातातून निसटली तरी कवळी फुटणार नाही. कवळी ओली करा. प्रत्येक कवळीची आत जायची एक ठरलेली वाट असते, ती डॉक्टरांनी दाखवलेली असते. त्याच दिशेने ती दातांवर अलगद टेकवा आणि दोन्ही बाजूंना बोटांनी सारखा दाब द्या. बोटं कवळीच्या दातांवर किंवा गुलाबी भागावर ठेवा, तारेवर नाही. वरच्या कवळीला अंगठे सोयीचे पडतात, खालच्या कवळीला तर्जनी.

अडली तर जोर करू नका, बाहेर काढून पुन्हा लावा. आणि काहीही झालं तरी दात आवळून ती ‘चावून’ बसवू नका. घाईत सगळे हेच करतात. मग एक बाजू आधी खाली जाते, दुसरीकडची तार वाकडी होते, कधी कवळीलाच तडा जातो.

काढताना

तार गुलाबी भागातून जिथे बाहेर येते त्या जाड भागाखाली किंवा कवळीच्या कडेखाली नख घाला. दोन्ही बाजूंनी एकदमच सोडवायची: वरची कवळी खाली, खालची वर. टोकाला धरून ओढलं की तार फाकलेलीच राहते. रोज एकाच बाजूने उपसणाऱ्यांची तीच बाजू आधी सैल होते.

सैल झाली तर

कवळी बसवून मागच्या दातांवर आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला बोटाने दाबा. ती डुगडुगली, तर बहुधा दोष तारेचा नसतो: दात काढलेल्या जागचं हाड झिजत जातं आणि कवळीखाली पोकळी होते. तिथे आतून नवा थर द्यावा लागतो, ज्याला रिलाइनिंग म्हणतात. तार आवळून काही होत नाही. डुगडुगत नाही, पण बोलताना किंवा साबुदाण्याची खिचडी खाताना सुटते, तर तार फाकली असावी. डॉक्टर ती जागच्या जागी नीट करतात. ओतीव क्लास्पला मात्र वारंवार वाकवणं सोसत नाही, तो तुटतो.

कवळी घातल्यावर एखादा दात ताणल्यासारखा दुखत राहिला, तर ती तार बसल्या जागीही दाबते आहे. ‘होईल सवय’ म्हणून ते सोसत बसू नका. अशाने धडधाकट दातही हलायला लागतो.

सफाई

खरी काळजी कवळीपेक्षा तार धरणाऱ्या दाताची घ्यायची. तारेखाली अन्न अडकतं, कीड तिथेच लागते, आणि तो दात गेला की कवळीचा आधारच गेला. प्रत्येक जेवणानंतर कवळी काढून चूळ भरा. रात्री त्या दाताची हिरडीलगतची कड आणि टेकूची जागा ब्रशने नीट घासा.

कवळीला मऊ ब्रश आणि साधा साबण पुरे. पेस्टने अ‍ॅक्रिलिकवर चरे पडतात. राख, मीठ, मशेरी तर नकोच. उकळत्या पाण्याने अ‍ॅक्रिलिक वाकतं आणि ब्लीचने धातू खराब होतो. गोळ्यांचं द्रावण वापरत असाल, तर ती गोळी धातूच्या कवळीला चालते का, ते पाकिटावर वाचा. तारेला आतल्या अंगाने धरून ब्रश फिरवा, नाहीतर घासताघासताच ती वाकते.

झोपताना कवळी पाण्यात ठेवा, म्हणजे हिरडीला आराम मिळतो. लग्नाच्या पंगतीत कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळून ताटाशेजारी ठेवू नका. अशा कवळ्या पानांबरोबर कचऱ्यात जातात. खिशात छोटी डबी असावी.

या वेळी थांबायचं नाही

एक-दोन दातांची छोटी कवळी तार तुटल्यावर घशात जाऊ शकते. म्हणून तुटकी कवळी घालून जेवायचं नाही, झोपायचंही नाही. गिळली गेलीच, तर केळी-भात खाऊन ती ढकलण्याचे उपाय करू नका, तडक रुग्णालय गाठा. तारेच्या टोकाने अन्ननलिका फाटू शकते. भूल देऊन ऑपरेशन असेल, तर कवळी आहे हे आधीच सांगा आणि काढून ठेवा.

टोचते म्हणून दाखवायला जाताना कवळी डबीत घालून नेऊ नका. सहन होत असेल तर आदल्या दिवसापासून काही तास ती घालून राहा. टोचणाऱ्या जागी हिरडी लाल दिसली, की नेमकं कुठे घासायचं ते डॉक्टरांना कळतं.