टीव्ही ॲपची क्लाउडवर टेस्ट: आधी फोकस बघा, मग पुढचं बटण

फोनच्या टेस्ट लिहायची सवय असलेला माणूस टीव्ही ॲपमध्येही आधी 'टॅप' शोधतो. अँड्रॉइड टीव्ही किंवा फायर टीव्हीवर सगळा कारभार रिमोटच्या बटणांचा, आणि एका वेळी फोकस (म्हणजे सध्या निवडलेली, उठून दिसणारी जागा) एकाच चौकटीवर. ॲपियममधून (ॲपच्या टेस्ट आपोआप चालवणारं टूल) ही बटणं कीकोडने, म्हणजे प्रत्येक बटणाच्या ठरलेल्या आकड्याने, पाठवायची: वर 19, खाली 20, डावीकडे 21, उजवीकडे 22, ओके 23, मागे 4.

क्लाउडवरच्या, म्हणजे दुसरीकडे ठेवलेल्या आणि इंटरनेटवरून वापरायच्या खऱ्या टीव्हीपर्यंत प्रत्येक कमांड नेटवर्कवरून जाते. त्यामुळे टेबलावरच्या सेटवर मुकाट चालणारी स्क्रिप्ट तिकडे अडखळते. 'उजवीकडे' धडाधड पाच वेळा पाठवलं, की पोस्टर लोड होत असताना एखादं बटण गिळलं जातं आणि 'ओके' भलत्याच सिनेमावर पडतं. मग लोक मधे तीन-तीन सेकंदांचे स्लीप (नुसतं थांबायच्या कमांड) पेरत सुटतात. नका पेरू. एक बटण दाबा, स्क्रीनवरचा 'फोकस्ड' ट्रू असलेला, म्हणजे आत्ता फोकस असलेला घटक शोधा, तो हवा तोच आहे ना ते तपासा, मगच पुढचं बटण. ठरलेल्या वेळात फोकस हलला नाही तर टेस्ट तिथेच फेल होऊ द्या. दहा पावलं पुढे जाऊन पडलेल्या टेस्टचं मूळ शोधणं म्हणजे निव्वळ वैताग.

व्हिडिओ सुरू झाला का, हे स्क्रीनशॉटवरून ठरवू नका. डीआरएम (कॉपी रोखणारं संरक्षण) असलेला व्हिडिओ त्यात बहुधा काळाच येतो. प्लेअरवरची वेळ दोनदा वाचा, पुढे सरकली की झालं. वेळ दिसावी म्हणून 'ओके' दाबलंत तर काही ॲप पॉज होतात, तेवढं सांभाळा.