एसी घ्यायच्या आधी घरचा लोड मोजा: सोलापूरकरांसाठी तयारीची यादी

कागद-पेन घेऊन घरभर फिरा आणि प्रत्येक उपकरणाच्या पट्टीवरचे वॉट लिहा. सगळ्यांची बेरीज उपयोगाची नाही. एका वेळी काय काय चालते ते महत्त्वाचे. सोलापुरात हिशेब धरायचा तो मे महिन्यातल्या पाणी येण्याच्या दिवसाचा. दीड टनाचे दोन एसी 3.2 किलोवॉट, एक एचपीची मोटार 1.1, इंडक्शन 2, फ्रिज 0.2, पंखे-दिवे-टीव्ही 0.7. झाले 7.2 किलोवॉट. 7,200 ला 230 ने भागले की 31 अँपिअर येतात. मोटार-एसीचा पॉवर फॅक्टर (ही उपकरणे वॉटच्या हिशेबापेक्षा थोडा जास्त करंट ओढतात) धरला तर 33-34. गिझर यात नाही, कारण एसी आणि गिझर आपल्याकडे सहसा एकत्र चालत नाहीत.

सिंगल फेज (एकाच जिवंत तारेच्या) जोडणीची मर्यादा 40 अँपिअर, म्हणजे एवढे घर त्यात बसते. पण 3.3 किलोवॉटचा कार चार्जर जोडला की ते 46 च्या पुढे जाते. तिथे थ्री फेजच (तीन जिवंत तारांची जोडणी) घ्या.

आता वीजबिलावरचा मंजूर भार बघा. हिशेब त्याच्या वर जात असेल तर महावितरणकडे भारवाढीचा अर्ज एसी बसवण्याआधीच करा.

वायर तांब्याचीच हवी: दिव्या-पंख्यांना 1.5 चौरस मिमी, एसी आणि गिझरला प्रत्येकी स्वतंत्र 4 ची लाइन, मीटरपासून बोर्डापर्यंत 10 ची. 42-43 अंशांत पाइपातली वायर आधीच तापलेली असते, म्हणून एसीला 2.5 वर भागवू नका. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद पडणारा स्विच) वायरच्या रक्षणासाठी असतो; तो सारखा ट्रिप होतो म्हणून 20 अँपिअरचा काढून 32 चा बसवला, तर एमसीबी गप्प राहतो आणि वायर जळते.

बोर्डाची जागाही ठरवून घ्या. एमसीबीचे रेटिंग 30 अंशांना ठरवलेले असते. पश्चिमेच्या भिंतीवर, उन्हात तापणाऱ्या पेटीत तो छापलेल्या आकड्याच्या आधीच पडतो. पेटी सावलीत हवी. मोटारीला आणि एसीला 'सी' कर्व्हचा एमसीबी लावा, सुरू होतानाचा झटका तो सहन करतो. सोबत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लागतोच, पण तो ओव्हरलोडला पडत नाही, एमसीबीची जागा घेत नाही.

थ्री फेज घेतला तर एसी वेगवेगळ्या फेजवर वाटून द्या. न्यूट्रलचा (परतीच्या तारेचा) जोड तर दोनदा तपासून घ्या: तो सुटला की एखाद्या फेजवर 400 व्होल्टपर्यंत दाब चढतो आणि टीव्ही-फ्रिज एकाच फटक्यात जातात.

अर्थिंगचा (गळतीचा करंट जमिनीत नेणाऱ्या जोडणीचा) रोध उन्हाळ्यातच मोजून घ्या. खाली काळा खडक, वर भेगा पडलेली काळी माती. पावसाळ्यातला चांगला आकडा एप्रिलमध्ये टिकत नाही. 5 ओहमच्या आत नसेल तर अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी सोडा, तरी उतरला नाही तर अर्थिंगचा दुसरा पाइप घाला.

शेवटी दोन्ही एसी, मोटार, इंडक्शन अर्धा तास एकदम चालवा. पेटीवर हात ठेवा. चटका बसला किंवा वास आला तर मेन बंद करून परवानाधारक वायरमनकडून स्क्रू आवळून घ्या.