मसाज थेरपिस्ट म्हणून संघटनेचं सभासदत्व घेताय? या चुका टाळा

कोर्स संपला, सर्टिफिकेट हातात पडलं, की पुढचा प्रश्न येतो व्यावसायिक संघटनेत नाव नोंदवण्याचा. विचार योग्यच आहे. बंद खोलीत एकट्याने काम करणाऱ्या माणसाला विमा, नवं शिक्षण आणि अडचणीच्या वेळी विचारायला चार जाणती माणसं या तिन्ही गोष्टींची गरज असते, आणि त्या एका ठिकाणी मिळण्याची सोय म्हणजे संघटना. पण अर्ज भरताना बहुतेकांचं लक्ष फी किती आणि लोगो कधी वापरता येईल याकडेच असतं. पुढचे त्रास सुरू होतात ते न वाचलेल्या पानांमधून.

संघटनेचं कार्ड म्हणजेच परवाना, असं समजणं

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. या व्यवसायात तीन वेगवेगळ्या संस्थांशी संबंध येतो आणि त्यांची नावं इतकी सारखी असतात की भलेभले गोंधळतात. एक असते परवाना किंवा नोंदणी देणारी नियामक संस्था; ती असते ग्राहकाच्या रक्षणासाठी. दुसरी कौशल्याचं प्रमाणपत्र देणारी. तिसरी संघटना, म्हणजे सभासदांची बाजू घेणारी. पहिलीचं काम तिसरी करू शकत नाही.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. तिथे मसाजचा परवाना राज्यागणिक मिळतो. त्यासाठी बहुतेक ठिकाणी लागणारी एमब्लेक्स ही परीक्षा राज्यांच्या परवाना मंडळांचा महासंघ, म्हणजे एफएसएमटीबी घेतो. १९४३ साली सुरू झालेली अमेरिकन मसाज थेरपी असोसिएशन आणि १९८७ पासूनची एबीएमपी या सभासदांच्या संस्था आहेत. एनसीबीटीएमबी ही कौशल्याचं प्रमाणपत्र देणारी संस्था; तिचं बोर्ड सर्टिफिकेशन ऐच्छिक आहे. या तिन्हींची कागदपत्रं भिंतीवर लावली तरी, परवाना सक्तीचा असलेल्या राज्यात तो नसेल तर काम बेकायदाच.

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात नोंदणी करते सीएमटीओ ही नियामक संस्था. तिथल्या थेरपिस्टांची संघटना वेगळी आहे आणि तिचं सभासद होणं ऐच्छिक आहे. ब्रिटनमध्ये मात्र मसाजसाठी देशपातळीवर सक्तीची नोंदणी नाहीच. सीएनएचसी या पूरक उपचारांच्या संस्थेची नोंदवही ऐच्छिक आहे. पण म्हणून तिथे मोकळं रान आहे असंही नाही. लंडनच्या अनेक बरोंमध्ये, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या विभागांमध्ये, १९९१ च्या स्थानिक कायद्यानुसार मसाजच्या जागेला ‘स्पेशल ट्रीटमेंट’ परवाना लागतो, आणि मान्यताप्राप्त व्यावसायिक संस्थांच्या सभासदांना त्यातून सूट मिळू शकते. म्हणजे इथे संघटना कोणती निवडली याला थेट कायदेशीर महत्त्व आलं.

ऑस्ट्रेलियातला पेच आणखी निराळा. मसाज थेरपी हा तिथल्या आफ्राच्या, म्हणजे आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय नियामक यंत्रणेच्या, नोंदणीत येणारा व्यवसाय नाही. तरी खासगी आरोग्य विमा कंपन्यांकडून ग्राहकाला काही रक्कम परत मिळावी यासाठी थेरपिस्टकडे प्रोव्हायडर नंबर, म्हणजे विमा कंपनीने दिलेला ओळख क्रमांक, लागतो, आणि तो मिळण्यासाठी कंपनीला मान्य असलेल्या संघटनेचं सभासदत्व. तुमच्या ग्राहकांची विमा कंपनी ज्या संघटनेला ओळखतच नाही, तिथे वर्गणी भरून हा फायदा मिळणार नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा: आपण जिथे काम करणार तिथल्या सरकारी किंवा स्थानिक यंत्रणेला आधी लेखी विचारा, मग संघटनांच्या यादीकडे वळा. संघटनेच्या विक्री विभागातल्या माणसाला ‘मला परवाना लागेल का?’ हे विचारू नका. त्याचं ते काम नाही.

‘विमा आहे’ एवढंच ऐकून थांबणं

खरं सांगायचं तर अनेक जण संघटनेत येतात ते विम्यासाठीच. त्यात कमीपणा काही नाही, पण मग पॉलिसी तरी वाचायला हवी. निदान चार गोष्टी.

पहिली, दावा कधी ग्राह्य धरला जातो. काही पॉलिसींमध्ये घटना घडली त्या दिवशी विमा चालू असला की पुरतं. दावा दोन वर्षांनी आला तरी चालतो. याला ऑकरन्स पॉलिसी म्हणतात. दुसऱ्या प्रकारात, क्लेम्स-मेडमध्ये, दावा दाखल होतानाही विमा चालू असावा लागतो. समजा, मार्चमध्ये तुम्ही एकाच्या मानेवर काम केलं, डिसेंबरमध्ये संघटना सोडली आणि पुढच्या एप्रिलमध्ये वकिलाची नोटीस आली. पहिल्या प्रकारात कंपनी उभी राहील. दुसऱ्या प्रकारात, सोडताना मागच्या कामासाठीचं वाढीव संरक्षण घेतलं नसेल तर, तुम्ही एकटे. संघटना बदलणाऱ्यांचा घात नेमका इथे होतो.

दुसरी, रक्कम कोणाची. माहितीपत्रकावर मोठा आकडा असतो. ती वर्षाची मर्यादा तुमच्या एकट्याची आहे की सगळ्या सभासदांची मिळून, हे विचारा. सामाईक असेल तर दुसऱ्यांच्या दाव्यांनी ती तुमच्याआधीच संपू शकते.

तिसरी, कोणतं काम धरलेलं आहे. स्वीडिश आणि डीप टिश्यू हे मसाजचे नेहमीचे प्रकार जवळपास सगळीकडे असतात. गरम दगड, कपिंग, गरोदरपणातला मसाज, लहान बाळांचा मसाज, लिम्फॅटिक ड्रेनेज यांसाठी स्वतंत्र प्रशिक्षणाचा पुरावा मागितला जाऊ शकतो. ड्राय नीडलिंग (स्नायूत बारीक सुया टोचणं) किंवा मणक्याला झटका देऊन केली जाणारी मॅनिप्युलेशन्स अनेक पॉलिसींमधून सरळ वगळलेली असतात. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत कपिंग शिकून सोमवारपासून सुरू करणाऱ्यांनी मधे एक ईमेल पाठवावा: ‘ही पद्धत माझ्या पॉलिसीत आहे का?’ उत्तर आलं की जपून ठेवावं. फोनवरचं ‘हो हो, चालेल’ दाव्याच्या वेळी कुणाला आठवत नाही.

चौथी, विम्याचा प्रकार. व्यावसायिक दायित्वाचा विमा तुमच्या हातून झालेल्या उपचारासाठी. ग्राहक तेल सांडलेल्या फरशीवरून घसरला तर तो सार्वजनिक दायित्वाचा विषय, आणि तेलाची ॲलर्जी येऊन अंगावर पुरळ उठलं तर उत्पादन दायित्वाचा. काही सभासदत्वांत तिन्ही असतात, काहींत एकच. ग्राहकाच्या घरी, ऑफिसात किंवा खेळाच्या स्पर्धेत जाऊन काम करत असाल तर जागेबद्दलही स्पष्ट विचारा.

आणि ‘आमच्या स्पाचा विमा आहे, तुला कशाला हवा?’ हे मालकाचं वाक्य ऐकून निर्धास्त होऊ नका. ती पॉलिसी मुळात व्यवसायासाठी काढलेली असते. तुमचं नाव त्यात आहे का, कंत्राटी थेरपिस्ट त्यात येतात का, हे कागदावर बघा.

विद्यार्थी सभासदत्वावर पैसे घेऊन काम करणं

विद्यार्थ्यांसाठीची वर्गणी कमी असते म्हणून शेवटची परीक्षा झाल्यावरही ती तशीच ठेवायचा मोह होतो. त्या विम्यात सहसा अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, देखरेखीखाली केलेलं कामच येतं. शेजाऱ्यांना पैसे घेऊन दिलेलं सत्र त्यात बसत नाही. अनेक संघटना पदवीनंतर पहिल्या वर्षी सवलत देतात. ती विचारून घ्या आणि प्रकार वेळेत बदला.

अर्ज अडकलाय? आधी हे तपासा

बहुतेक वेळा कारण अगदी साधं असतं: नाव. सर्टिफिकेटवर माहेरचं, ओळखपत्रावर सासरचं, अर्जात मधलं नाव गाळलेलं. तपासणाऱ्याच्या दृष्टीने ही तीन वेगळी माणसं. नावबदलाचा कागद सोबत जोडला तर आठवडे वाचतात.

त्यानंतरचं कारण तासांचं. ‘एक वर्षाचा डिप्लोमा’ एवढं लिहिलेलं सर्टिफिकेट पुरत नाही. शरीररचना आणि शरीरक्रिया किती तास, विकारांची ओळख आणि मसाज कधी करू नये याचा अभ्यास किती, प्रत्यक्ष हाताने सराव किती, नीतिनियम किती, अशी फोड असलेला ट्रान्सक्रिप्ट हवा असतो. कित्येकदा तो शाळेकडून थेट, बंद पाकिटात किंवा शाळेच्या अधिकृत ईमेलवरून यावा लागतो. तुम्ही स्वतः अपलोड केलेली प्रत बाजूला पडते आणि तुम्ही वाट बघत बसता. पूर्णपणे ऑनलाइन केलेला कोर्स अनेक ठिकाणी चालत नाही. याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. स्नायूवर किती दाब द्यायचा हे पडद्यावरून शिकता येत नाही, असं त्यांना वाटतं आणि मलाही वाटतं.

शाळाच बंद पडली असेल तर तिचे रेकॉर्ड कुठे सोपवले ते शोधा. शाळेला मान्यता देणाऱ्या यंत्रणेकडे किंवा संलग्न विद्यापीठाकडे विचारणा करणं ही सुरुवात. कागद दुसऱ्या भाषेत असतील तर भाचीने केलेलं भाषांतर नको, प्रमाणित भाषांतर लागतं.

अर्जात ‘तुमच्यावर कधी कारवाई, तक्रार किंवा गुन्हा?’ असा प्रश्न असेल आणि उत्तर ‘हो’ असेल तर लपवू नका. जुनी तक्रार, तिचा निकाल आणि त्यानंतर काय केलं हे एका पानात लिहा. जुन्या प्रकरणावर संघटना सहसा विचार करते. लपवलेलं नंतर उघड झालं तर सभासदत्व जातंच, वर विमाही रद्द होण्याची वेळ येते.

पैसे भरा, दोन मिनिटांत सर्टिफिकेट मिळवा

अशा ‘आंतरराष्ट्रीय’ संस्था आहेत. त्या प्रशिक्षणाचा पुरावा मागत नाहीत, आणि ओळखायची सर्वांत सोपी खूण हीच. बाकीच्या खुणा: आचारसंहिता जाहीर नाही, तक्रार कुणाकडे करायची याचा पत्ता नाही, पदाधिकारी कोण आणि निवडले कसे हे कुठेच नाही, सभासदांची नोंदवही जाहीर नाही, विमा आहे म्हणतात पण विमा कंपनीचं नाव सांगत नाहीत. कधी एकच माणूस शाळाही चालवतो, मान्यताही देतो आणि संघटनाही. एक चाचणी करून बघा: तुमच्या भागातल्या एखाद्या दवाखान्याला किंवा विमा कंपनीला विचारा, ‘या संस्थेचा सभासद तुम्ही मान्य कराल का?’

नावापुढची अक्षरं आणि जाहिरात

ओंटारियोमध्ये ‘रजिस्टर्ड मसाज थेरपिस्ट’ ही पदवी मसाज थेरपी ॲक्ट, १९९१ ने राखीव आहे. सीएमटीओमध्ये नोंदणी नसताना ती लावणं हा कायद्याचा भंग आहे, मग तुम्ही दुसरीकडे कितीही वर्षं काम केलेलं असो. लोगोचंही तसंच. सहयोगी किंवा विद्यार्थी सभासदाला तो वापरता येतो का, कोणत्या शब्दांसोबत, हे नियमांत दिलेलं असतं.

जाहिरातीतल्या दाव्यांवरून होणाऱ्या तक्रारीही कमी नाहीत. ‘शरीरातली विषद्रव्यं बाहेर काढतो’, ‘स्लिप डिस्क बरी करतो’ असली वाक्यं बहुतेक आचारसंहितांना मान्य नसतात. ब्रिटनमध्ये तर १९३९ च्या कॅन्सर ॲक्टखाली लोकांसाठी कर्करोगावरच्या उपचाराची जाहिरात करणं हाच गुन्हा आहे. ताण हलका वाटतो, स्नायू सैल होतात, एवढं लिहिलं तरी ग्राहक येतात.

नूतनीकरण शेवटच्या आठवड्यावर ढकलणं

सतत शिक्षणाचे तास हा बऱ्याच संघटनांचा नियम असतो. दोन ठिकाणी गफलत होते. कोर्स आधी विकत घेतला जातो आणि तो मान्य आहे का हे नंतर तपासलं जातं. दुसरं, संघटनेचे तास आणि परवान्याचे तास एकच समजले जातात. एखादा कोर्स एकीकडे चालतो, दुसरीकडे नाही. सर्टिफिकेट मिळाल्या दिवशीच स्कॅन करून तारखेसह ठेवा.

वर्गणी कार्डावरून आपोआप कापली जाते म्हणून निश्चिंत असाल तर कार्डाची मुदत कधी संपते ते बघा. पैसे कापले गेले नाहीत, आठवणीचा ईमेल स्पॅममध्ये गेला, सभासदत्व संपलं आणि त्याबरोबर विमाही, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा नेहमीचा आहे. मधला खंड नंतर वर्गणी भरल्याने बहुधा भरून निघत नाही.

दुसऱ्या राज्यात किंवा देशात जाणार असाल तर सभासदत्व सोबत येईल, परवाना येईलच असं नाही. टेक्सासमध्ये ५०० तासांचं प्रशिक्षण पुरतं, न्यूयॉर्क १००० मागतं. सामान बांधण्याआधी तास मोजा.

तक्रार आली की घाईने उत्तर देणं

ग्राहकाचा रागावलेला मेसेज आला की हात आपोआप माफीनामा टाइप करायला लागतात, किंवा भांडायला. दोन्ही थांबवा. ‘तुमचा निरोप मिळाला, लवकरच कळवतो’ एवढं लिहा आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारण्याची तरतूद पॉलिसीत असू शकते. पैसे परत करायचे असतील तरी त्यांना विचारून. त्या सत्राच्या नोंदींना हात लावू नका. काही राहिलं असेल तर आजची तारीख घालून वेगळी पुरवणी जोडा; जुन्या पानात मागाहून घातलेली एक ओळ सगळ्या नोंदीवरचा विश्वास घालवते.

मग संघटनेला फोन करा. तिच्याकडे तक्रारीत सल्ला देणारा विभाग आहे का, हे खरं तर सभासद होण्याआधीच विचारून ठेवलेलं बरं. आणि लक्षात घ्या, तीच तक्रार ग्राहकाने संघटनेच्या शिस्तपालन समितीकडेही केलेली असू शकते. अशा वेळी सल्ला देणारी आणि चौकशी करणारी माणसं वेगळी आहेत ना, हे विचारल्याशिवाय फोनवर सविस्तर काही बोलू नका.