जुन्या सीलचे भाग जोडून केलेला क्लेम उघड ठरतो का, ते असं तपासा

क्लेम म्हणजे पेटंटात नेमका कशावर हक्क मागितला आहे ते सांगणारं वाक्य. अमेरिकेच्या पेटंट कायद्याचं कलम १०३ त्या क्षेत्रातल्या जाणकाराला उघड, म्हणजे सहज सुचलं असतं अशा गोष्टीला पेटंट नाकारतं. पण दोन जुन्या पेटंटांत मिळून क्लेमचे सगळे भाग सापडले, तरी तेवढ्याने या कलमाखाली क्लेम पडत नाही. २००७ च्या केएसआर खटल्याच्या निकालात तिथल्या सुप्रीम कोर्टानेही हे स्पष्ट म्हटलं आहे.

आधी क्लेमचे तुकडे पाडा. समजा कमोडच्या बुडाशी बसणारी, गळती रोखणारी सील आहे: ड्रेन पाइपात उतरणारी रबरी नळी, पाइपला आतून टेकणारे तिचे ओठ आणि वर बंद छिद्रांच्या फोमची रिंग. प्रत्येक तुकड्यासमोर तो कुठल्या जुन्या पेटंटात, कुठल्या ओळीत आहे ते लिहा.

पहिल्या पेटंटात नळी आणि ओठ आहेत, पण रिंग मेणाची. दुसऱ्यात पाइपजोडासाठी फोमची रिंग. सील बनवणाऱ्या सर्वसाधारण जाणकाराने मेण काढून फोम का लावला असता? मेण एकदा दाबलं की परत फुगत नाही. कमोड जरा हलला की फट पडते, पाणी झिरपतं. फोम परत वर येतो. अडचण माहीत, उपाय माहीत, परिणाम अपेक्षित, म्हणून हा क्लेम बहुधा उघड ठरेल. हे कारण जुन्या पेटंटातच छापलेलं हवं, असा हट्ट केएसआरनंतर चालत नाही. पण 'जोडता आलं असतं' हेही पुरत नाही.

क्लेम वाचवायचा असेल तर पहिली सील चालते कशी ते बारकाईने वाचा. मेण पसरून खडबडीत फ्लँजच्या (ड्रेन पाइपाच्या तोंडावरच्या, कमोड टेकतो त्या कड्याच्या) खाचा भरतं यावरच तिची मदार असेल, तर फोमने ते तत्त्वच मोडतं. १९५९ च्या रॅटी प्रकरणात ऑइल सीलबाबत हेच घडलं: जुनी सील कडकपणावर चालायची, नवी लवचीक स्प्रिंग-बोटांवर, म्हणून क्लेम टिकला. मात्र जुन्या पेटंटात 'मेण बरं' असं लिहिलंय म्हणजे फोमला मनाई केली, असं नव्हे. इथे फार जण घसरतात.

'दुसरं पेटंट प्लंबिंगचं नाही' या मुद्द्यावर विसंबू नका. १९६६ च्या कालमार खटल्यात वाद स्प्रेयरच्या टोपीतल्या सीलचा होता, तरी द्रव ओतायच्या तोटीचं पेटंट विचारात घेतलं गेलं, कारण अडचण झाकण घट्ट बसवण्याचीच होती. तिथे चांगली विक्री आणि जुनी गरज दाखवूनही क्लेम वाचला नाही. त्यामुळे नुसते खपाचे आकडे देऊ नका. तोच फ्लँज, तोच दाब ठेवून दोन्ही जुन्या सीलशी केलेली गळती-चाचणी जोडा.