डबल्सची टीम बांधताना या चुका टाळा

‘भो, माझा गारचोम्प एवढा जबर, तरी मी हरतो कसा?’ जळगाव-भुसावळ अप-डाऊन करत फोनवर पोकेमोन शोडाउन (पोकेमोनच्या लढतींचा ऑनलाइन खेळ) खेळणाऱ्या पोरांचा हा ठरलेला प्रश्न. गारचोम्प हा पोकेमोन जबर आहेच. पण त्याच्या शेजारी कोण उभं होतं, असं उलट विचारलं की घोडं अडतं. डबल्समधल्या, म्हणजे दोन विरुद्ध दोनच्या लढतींतल्या, निम्म्या अडचणी तिथूनच सुरू होतात.

आपल्याकडे बहुतेक जण सिंगल्स (एकास एक) खेळून इकडे वळतात आणि येताना तिथल्या सवयी घेऊन येतात. स्टेल्थ रॉक (मैदानात उतरणाऱ्याला टोचणारे खडे) पसरायचा, स्वॅप करत समोरच्याला हळूहळू झिजवायचं, मग सहावा पोकेमोन काढून सगळ्यांना झोपवायचं. अधिकृत डबल्समध्ये, म्हणजे व्हीजीसीत, सहा दाखवून चारच उतरवायचे असतात. सगळे ५० लेव्हलला येतात आणि एकच आयटम (पोकेमोनच्या हाती द्यायची वस्तू) दोघांना देता येत नाही. मैदानात दोन, मागे दोन. एवढ्या छोट्या खेळात खडे पेरून नफा कधी होणार? ती मूव्ह काढा आणि तिथे प्रोटेक्ट, म्हणजे त्या टर्नचे वार अडवणारी मूव्ह, बसवा.

प्रोटेक्टला ‘वाया गेलेली जागा’ म्हणणारे बरेच भेटतात. समोरचे दोघं मिळून एकालाच मारायला निघाले आणि त्यानेच प्रोटेक्ट लावलं, तर त्यांचे दोन्ही वार फुकट जातात आणि तुमचा दुसरा मोकळेपणी मारतो. चॉइस आयटम (एकाच मूव्हला बांधून ठेवणारा) किंवा असॉल्ट व्हेस्ट (फक्त माराच्याच मूव्ह चालू देणारा) दिलेला पोकेमोन सोडला, तर प्रोटेक्ट नसण्याला सबळ कारण लागतं. लागोपाठ दुसऱ्यांदा मात्र लावू नका, तेव्हा ते टिकण्याची शक्यता तीनात एकच असते.

आता जोडीकडे येऊ. अर्थक्वेक समोरच्या दोघांना लागतो, तसा शेजारच्या आपल्या माणसालाही लागतो. सिंगल्समधून आलेला गडी गारचोम्पला अर्थक्वेक देतो आणि शेजारी इन्सिनेरोअर उभा करतो, तोही आगीचा, म्हणजे अर्थक्वेकला कच्चा. मग प्रत्येक टर्नला तोच पेच: मारू की पार्टनरला वाचवू? शेजारी उडणारा पोकेमोन ठेवला तर तो वाचतो, पण अनेकांना लागणारी मूव्ह ७५ टक्केच मारते, ती तूट काही भरून येत नाही. जोडी जमतच नसेल तर गारचोम्पला स्टॉम्पिंग टँट्रम द्या. ताकद कमी, पण ती एकालाच लागते आणि घरच्याला ओरखडा येत नाही. रॉक स्लाइडही बरा, समोरच्या दोघांनाच लागतो. तो १०० पैकी ९० वेळाच नेमका बसतो, हे मात्र निर्णायक टर्नलाच आठवतं.

जोडीचा विचार कसा करावा, याचा मला सर्वांत आवडणारा दाखला २०१४ च्या जागतिक स्पर्धेचा आहे. कोरियाचा सेजुन पार्क पाचिरिसू घेऊन विजेता झाला. ताकदीने पाहिलं तर त्या खारीला कोणी टीममध्ये घेतलं नसतं. पण ती फॉलो मी ही मूव्ह लावून वार अंगावर ओढायची, आणि व्होल्ट अ‍ॅब्झॉर्ब या अ‍ॅबिलिटीमुळे (अंगच्या गुणामुळे) विजेचा वार आला तर तिची तब्येत उलट भरून निघायची. पार्कच्या टीममध्ये ग्याराडोस आणि टॅलनफ्लेम होते आणि दोघांनाही विजेचंच भय. पाचिरिसू त्यांच्यासाठीच होती. तिची नक्कल करून उपयोग नाही, हिशेब शिका. फॉलो मीची मर्यादाही लक्षात ठेवा: रॉक स्लाइड, हीट वेव्हसारखे पसरणारे वार ती ओढत नाही. अमूंगसची रेज पावडर (असेच वार ओढणारी मूव्ह) तर गवती पोकेमोनवर चालतच नाही, सेफ्टी गॉगल्स हा आयटम घातलेल्यावरही नाही.

वेगाबाबतचा गोंधळ याहून जास्त टीमा बुडवतो. टेलविंडही (आपल्यांचा वेग दुप्पट) हवं आणि ट्रिक रूमही (संथ आधी मारतो) हवी, म्हणून दोन्ही कोंबलं जातं. चालतं तेही, पण चार-चारचे दोन गट आधी ठरलेले असतील तरच. नाहीतर ट्रिक रूम लागते आणि आपलाच वेगवान पोकेमोन सगळ्यांत शेवटी मारतो. ट्रिक रूमचे ५ टर्न ती लावलेला टर्न धरून मोजतात, म्हणजे हाती ४ उरतात. टेलविंडचे असेच ४ धरून हाती ३. ट्रिक रूम सुरू असताना पुन्हा लावली तर ती संपते. समोरच्याने लावलेली मोडायला हे कामाचं आहे, पण घाईत स्वतःचीच मोडणारेही पाहिलेत.

‘माझी ट्रिक रूम लागतच नाही’ ही तक्रार असेल तर बहुधा फेक आउट (सगळ्यांच्या आधी बसून त्या टर्नला काही करू न देणारा वार) आड येतो. उपाय शेजारी शोधा. फारिगिराफची आर्मर टेल ही अ‍ॅबिलिटी दोघांवरचे असे अग्रक्रमाचे वार अडवते. मादी इंडीडी सायकिक टेरेन (तेच वार अडवणारं मैदान) घेऊनच उतरते, शिवाय तिच्याकडे फॉलो मी आहे. टेरेनचा आडोसा जमिनीवरच्यांनाच मिळतो, हवेतल्यांना नाही.

हवामानाच्या टीमा आपल्याकडे फार लाडक्या. जळगावला मे महिन्यात ऊन कोणी आणावं लागत नाही, खेळात ते टोर्कोल आणतो. तो उन्हाचा आणि समोरचा पेलिपर पावसाचा, दोघं एकदमच उतरले तर काय? आधी वेगवानाचं हवामान लागतं, मग संथाचं, आणि शेवटचं टिकतं. टोर्कोलचा मूळ वेग २०, पेलिपरचा ६५. म्हणून टोर्कोलला पळता करायच्या भानगडीत पडू नका, त्याचं कासवपणच कामाला येतं. आणि उन्हात पाण्याच्या मूव्ह निम्म्यावर येतात, तेव्हा त्याच्या शेजारी पाणीवाला मारेकरी कशाला?

इंटिमिडेट (उतरताच समोरच्यांचा मारा घटवणारी अ‍ॅबिलिटी) आहे म्हणून इन्सिनेरोअर डोळे झाकून घेतला जातो. समोर डिफायंटवाला किंगॅम्बिट किंवा कॉम्पिटिटिव्हवाला मिलोटिक (अशी घट झाली की यांचं बळ उलट चढतं) दिसला, तर इन्सिनेरोअरला पहिल्याच टर्नला उतरवणं म्हणजे शत्रूला आयतं बळ देणं.

ईव्हीबद्दल, म्हणजे पोकेमोनच्या ताकद, वेग वगैरे आकड्यांत आपण वाटायच्या गुणांबद्दल, थोडक्यात: सगळ्यांना २५२-२५२-४ वाटून मोकळं होऊ नका. ५० लेव्हलला पहिला गुण ४ ईव्हीत मिळतो आणि पुढचा प्रत्येक ८ मध्ये. कोणता वार झेलायचा ते डॅमेज कॅल्क्युलेटरवर पाहा, लागतील तेवढेच तिथे घाला. उरलेले वेगात टाका.

हरल्यावर अख्खी टीम मोडणं ही इथली आवडती खोड. त्याऐवजी रिप्ले जपून ठेवा आणि प्रत्येक सामन्यात कोणते चार उतरवले ते लिहा. एखादा पोकेमोन कधीच उतरत नसेल तर तो टीममध्ये नाहीच, पहिला बदल तिथे. पहिल्या टर्नलाच एक जण जात असेल तर सुरुवातीची जोडी बदला, तो पोकेमोन नव्हे. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. गाडीत नेटवर्क जाऊन हरलेला सामना हिशेबात धरू नका.

आणि धक्कातंत्रावर टीम उभी करू नका. स्कार्लेट-व्हायोलेट या पोकेमोन खेळांच्या मोठ्या अधिकृत स्पर्धांत टीमशीट (टीमची यादी) उघडी असते. आयटम, अ‍ॅबिलिटी, चारही मूव्ह, टेरा टाइप (लढतीत बदलून घेता येणारा प्रकार) समोरच्याला आधीच दिसतात, लपलेले राहतात ते फक्त आकडे. शोडाउनवर उघड्या टीमशीटचा, तीनपैकी दोन जिंकायचा वेगळा लॅडर (गुणांकनाची स्पर्धा) आहे. टीम एकदा त्यावर खेळवा.