नाशिकमध्ये एका दिवसाची भटकंती: रामशेज, पांडवलेणी आणि गंगाघाट

नाशिकला एका दिवसासाठी येणारे बहुतेक जण सकाळी पंचवटीत उतरतात, भर दुपारी देवळांच्या रांगांत उभे राहतात आणि पांडवलेणी संध्याकाळी घाईघाईने उरकतात. माझा आग्रह असा की हा क्रम बदलावा. गड सकाळी, लेणी दुपारी आणि घाट संध्याकाळी, असे उन्हाच्या कलाने फिरावे. पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ या भटकंतीसाठी सर्वांत चांगला आहे.

सकाळी सहाच्या सुमारास पेठ रस्त्याला लागावे. साधारण 15 किलोमीटरवर आशेवाडी हे रामशेजच्या पायथ्याचे गाव आहे. गावातून पायऱ्यांच्या वाटेने रमतगमत गेले तरी तासाभरात माथा गाठता येतो. लहान मुले बरोबर असतील तर थोडा अधिक वेळ धरावा. गडावर दुकान नाही, त्यामुळे माणशी दोन लिटर पाणी खालूनच घ्यावे. प्रभू रामचंद्रांनी येथे शय्या केली म्हणून हे नाव पडले, अशी लोकांची श्रद्धा आहे. इतिहासात मात्र हा गड गाजला तो वेगळ्याच कारणाने. 1682 मध्ये औरंगजेबाच्या सरदारांनी त्याला वेढा घातला आणि संभाजी महाराजांच्या काळातील मूठभर शिबंदीने तो वर्षानुवर्षे झुंजवला. माथ्यावर उभे राहिले की या झुंजीचे आश्चर्य अधिकच वाटते, कारण आसपासच्या गडांच्या मानाने रामशेज लहानच आहे आणि भोवतीचा मुलूख बराच सपाट आहे. खडकात खोदलेली पाण्याची टाकी आणि जमिनीच्या पातळीवर उघडणारा चोरदरवाजा पाहून नऊपर्यंत उतरायला लागावे.

शहरात परतताना मिसळ खावी, हे नाशिकमध्ये कोणाला सांगावे लागत नाही. काळ्या मसाल्याचा रस्सा वेगळ्या वाटीत मागून घ्यावा आणि चव पाहून बेताने ओतावा. पुढे अजून पायऱ्या चढायच्या आहेत.

अकराच्या सुमारास पांडवलेणी गाठावी. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरावर ही 24 लेणी आहेत. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आहे, ते वेळ उरल्यास पाहावे. पायऱ्यांची चढण वीस मिनिटांची आहे. लेण्यांची तोंडे साधारण उत्तरेकडे असल्यामुळे दुपारीही ओसऱ्यांत गारवा असतो, आणि दिवसाचा सर्वाधिक वेळ, म्हणजे किमान दोन तास, येथेच द्यावा.

सर्व लेणी सारख्याच बारकाईने पाहण्याची गरज नाही. 18 क्रमांकाचे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह, पाहावे, पण खरा मुक्काम 3 आणि 10 या क्रमांकांच्या विहारांत, म्हणजे भिक्षूंच्या निवासांत, करावा. दहाव्या लेण्यात क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता, नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यांतील एका लेखानुसार त्याने भिक्षूंसाठी 3,000 कार्षापणे (त्या काळची नाणी) गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायम ठेव म्हणून ठेवली: 2,000 दरमहा शेकडा एक दराने आणि 1,000 शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून वर्षावासातील, म्हणजे पावसाळ्यात एका जागी राहणाऱ्या, भिक्षूंना वस्त्रांसाठी रक्कम द्यायची, असा हा करार आहे. जवळजवळ 1,900 वर्षांपूर्वी या परिसरात विणकरांची इतकी पत होती, हे दगडावर वाचताना मन भरून येते.

तिसऱ्या लेण्याच्या ओसरीखाली सहा धष्टपुष्ट गण, म्हणजे कोरलेल्या बुटक्या आकृती, दिसतात. त्यांच्या खांद्यांवर जाडजूड तुळया आहेत आणि सारा विहार पालखीसारखा उचलून ते निघाले आहेत, असे वाटते. त्यांचे चेहरे पाहण्यासाठी खाली वाकावे लागते. हे लेणे गौतमी बलश्रीने दान दिले. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याच्या 19व्या वर्षी कोरलेल्या लेखात ही माता आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याचे वर्णन करते: ज्याची वाहने तीन समुद्रांचे पाणी प्याली, ज्याने क्षहरात वंश निर्मूळ केला. नहपान याच क्षहरात वंशाचा होता. त्याच्या जावयाचे दान आणि त्याचा पाडाव करणाऱ्याच्या आईचे दान एकाच डोंगरकड्यात, काही पावलांच्या अंतरावर आहे, आणि दोन्ही भिक्षुसंघासाठीच आहे. अक्षरांवर बोटे मुळीच फिरवू नयेत; मोबाइलच्या विजेरीचा प्रकाश तिरका पाडल्यास ब्राह्मी अक्षरे अधिक उठून दिसतात.

थोडी विश्रांती घेऊन चारनंतर पंचवटीत यावे. काळाराम मंदिर सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधले. त्याचा काळा दगड रामशेजच्या खाणींतला असल्याचे सांगतात, म्हणून सकाळचा गड आठवून हे मंदिर पाहावे. पूर्व दरवाजापाशी मात्र थोडे थांबावे. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली या मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो स्त्री-पुरुषांनी तो पुढे कित्येक वर्षे चालवला, तरीही दारे उघडली नाहीत. 1935 मध्ये याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. मुले सोबत असतील तर त्यांना हे दारातच उभे राहून सांगावे.

तेथून पायीच घाटावर उतरावे. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, त्यामुळे रस्ता विचारताना ‘गंगेवर कसे जायचे’ असे विचारले की पुरते. रामकुंडापाशी नदी दक्षिणेकडे वळते. जवळच दुतोंड्या मारुती उभा आहे. पुराचे पाणी त्याच्या कमरेला लागले की गळ्याला, यावरून शहर पुराचा अंदाज बांधते. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, म्हणून पाण्यालगत पाय जपून टाकावा. अंधार पडण्यापूर्वी पूल ओलांडून सराफ बाजारामार्गे भांडी बाजारात जावे आणि तांब्याचा एखादा गडू घ्यायचा असल्यास तो हातात तोलून, तळ नीट पाहून घ्यावा.